बागेतली वही आणि कॉलेजचा अर्ज

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहा, अकरावी-बारावीतल्या मुलांचे आईबाबा एकमेकांना काय विचारतात ते कानावर येतंच. पूर्वी 'एसएटी किती?' हा पहिला प्रश्न असायचा. आता 'रिसर्च काय केलाय?' आणि त्याला जोडून 'पेपर कुठं छापला?' मुलं बिचारी ताटात बघत उभी असतात. ज्यांनी काही केलेलं असतं त्यांना ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, आणि ज्यांनी केलेलं नसतं त्यांना आपलं सगळंच हुकलं असं वाटायला लागतं.

आमच्या घरी हे सगळं नुकतंच होऊन गेलं. लेकीनं कॉलेजच्या अर्जांबरोबर आपल्या संशोधनाची पुरवणी पाठवली. त्यातून जे कळलं ते तिला विचारून इथं लिहिते आहे. हे आईबाबांपेक्षाही नववी-दहावीतल्या मुलांनी वाचावं, कारण या गोष्टीला वेळ लागतो आणि तो त्यांच्याकडेच आहे.

पुरवणी म्हणजे काय

अमेरिकेतली पुष्कळ कॉलेजं कॉमन ॲपवर अर्ज घेतात. त्यात शाळेबाहेरच्या कामांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हेत, अक्षरं! दोन उन्हाळे खपून केलेलं काम १५० अक्षरांत बसवायचं म्हणजे कठीणच. म्हणून काही कॉलेजं अर्जाशिवाय आणखी काही पाठवू देतात: चित्रांचा संच, वाजवलेल्या संगीताची फीत, स्वतः बनवलेलं यंत्र, किंवा संशोधनाचा अहवाल. हीच पुरवणी. ती ऐच्छिक असते. न पाठवल्यानं गुण कापले जात नाहीत, आणि पाठवल्यानं प्रवेश पक्का होत नाही.

यातला कळीचा शब्द 'काही' हा आहे. एमआयटी संशोधनासाठी वेगळा पोर्टफोलिओ घेतं. त्यात प्रश्नांची उत्तरं द्यायची, अहवाल जोडायचा आणि मार्गदर्शकाचं पत्र मागवायचं. विज्ञान किंवा अभियांत्रिकीत खरंच खोलवर काम केलं असेल तर येलही पुरवणी पाहतं. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊ कॅम्पसचा अर्ज एकच असतो, आणि त्यात आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात. अहवाल जोडायला तिथं जागाच नाही. जे सांगायचं ते त्या उत्तरांतच सांगायचं. प्रिन्स्टन 'पेपर' मागतं, पण तो म्हणजे शाळेत लिहिलेला आणि शिक्षकांनी तपासून श्रेणी दिलेला निबंध. त्याचा संशोधनाशी संबंध नाही. नाव सारखं असल्यानं पुष्कळांची इथं गफलत होते.

ब्रिटनमध्ये आणखी वेगळं आहे. तिथल्या यूकासच्या अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका लांब निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत आणि तिन्हींना मिळून ४००० अक्षरं. म्हणजे तुम्ही काय शोधलं हे तिथंही त्या उत्तरांतच यायला हवं.

म्हणून पहिलं काम म्हणजे यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं त्या वर्षीचं पान उघडून वाचणं. कॉमन ॲप दर वर्षी १ ऑगस्टला नव्यानं सुरू होतं आणि नियम बदलू शकतात. मागच्या वर्षी शेजारच्या दादानं काय केलं यावर विसंबू नका. जे कॉलेज 'पाठवू नका' म्हणतं त्याला पाठवणं म्हणजे सूचना वाचता येत नाहीत हे स्वतःच दाखवून देणं.

सौंसरची बाग

माझं माहेर सौंसर तहसीलीतलं आणि सासर पांढुर्ण्याचं. नकाशात आम्ही मध्य प्रदेशात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरातली मराठी मात्र तीच राहिली. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. हे इथं सांगायचं कारण असं, की लेकीला अहवालात 'हे ठिकाण कुठलं' यावर तीन ओळी खर्च कराव्या लागल्या. पावसाचे जुने आकडे छिंदवाडा जिल्ह्याच्या नावानं आणि नवा पत्ता पांढुर्ण्याचा. परक्या वाचकाला हे सांगितलं नाही तर तो गोंधळणारच.

आमच्या भागाचं पीक म्हणजे संत्रा. माझ्या भावाची बाग जुनी आहे, जंबेरीवर डोळा भरलेल्या कलमांची. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तोडा होतो. मधे पावसाळ्याचे महिने. आमची जमीन काळी आणि भारी. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि हिरवी फळं टपाटप गळतात. पुष्कळदा बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच झालेला असतो, त्यामुळे फळगळ म्हणजे कोणाच्या तरी पदरचे पैसे गळणं. पावसाचं पाणी बाहेर काढायला उताराच्या दिशेनं चर खोदा, असं कृषी विभागाची आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची माणसं सांगत आली आहेत. भावानं बागेच्या एका भागात चर खोदले होते, दुसऱ्या भागात नव्हते. मजुरीचा खर्च असतो, म्हणून राहून गेलं होतं.

दहावीनंतरच्या सुट्टीत लेक तिथं होती. खरं तर तिच्या डोक्यात गोटमारीवर लिहायचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात चालणारी ती दगडफेक तिनं चित्रफितीत पाहिली होती. पण पोळ्यापर्यंत तिला थांबता येत नव्हतं. शिवाय माणसांच्या मुलाखती घेऊन केलेला प्रकल्प विज्ञान मेळाव्यात मांडायचा तर आधी समितीची मंजुरी लागते. आंतरराष्ट्रीय मेळाव्याचा, म्हणजे आयसेफचा, हा नियमच आहे. माणसं सहभागी असतील तर परवानगी आधी, काम नंतर. सुट्टीत भारतात येऊन 'चल, चार जणांशी बोलून टाकू' असं चालत नाही. हे नववी-दहावीच्या मुलांनी लक्षात ठेवावं. गावाकडचे कितीतरी सुंदर विषय या एका कारणानं वाया जातात.

तेव्हा ती बागेतच रमली. एकदा मामाला तिनं विचारलं, चर खोदलेल्या भागात फळगळ खरंच कमी आहे का? मामा म्हणाला, कमीच असणार. "कितीनं कमी?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिनं वही काढली.

चिठ्ठ्या टाकून दोन्ही भागांतली वीस-वीस झाडं निवडली. झाडांना खुणेच्या चिंध्या बांधल्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाखालची गळलेली फळं मोजायची, आणि मोजून झाली की उचलून बागेबाहेर टाकायची, म्हणजे तीच फळं पुन्हा मोजली जात नाहीत. बागेत कामाला येणाऱ्या काकू पहिल्या दिवशी हसल्या. "खाली पडलेलं फळ मोजून काय भेटते वं पोरी?" दुसऱ्या आठवड्यात त्याच तिला सांगत होत्या, की या झाडाखाली गवत दाट आहे, नीट बघ, फळं दडून राहतात.

ऑगस्टअखेर शाळा सुरू होणार म्हणून ती परत आली. पुढचं मोजणं भावानं आणि त्या काकूंनी केलं. दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो यायचा.

सरांचा प्रश्न

शाळेत तिनं आकडे संख्याशास्त्राच्या सरांना दाखवले. चर असलेल्या भागात गळ कमी दिसत होती. लेक खूश होती. सरांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, प्रत्येक झाडावर एकूण फळं किती होती? जास्त फळं लागलेल्या झाडाखाली जास्त पडणारच. मोजायचं ते प्रमाण, नुसती संख्या नव्हे. म्हणजे तोड्याच्या वेळी झाडावर राहिलेली फळंही मोजायला हवीत. दुसरी, चर असलेला भाग मुळातच उंचावर असेल तर? मग फरक चराचा की उताराचा?

दुसऱ्या प्रश्नावर ती आठवडाभर अडली. उत्तर तिचं तिलाच सुचलं. पुढच्या वर्षी मामानं चर नसलेल्या भागातल्या काही ओळींत चर खोदले तर तीच झाडं आधी आणि नंतर अशी तपासता येतील. ज्या ओळी तशाच ठेवायच्या, त्यांच्यावरून पावसातला फरक कळेल. भावानं मजूर लावून काही ओळींत चर खोदून दिले. अकरावीनंतरच्या सुट्टीत ती पुन्हा गेली, पुन्हा तेच मोजणं.

निकाल काय? नव्यानं चर खोदलेल्या ओळींत गळ कमी झालेली दिसली. पण एकाच ओळीतल्या झाडाझाडांत इतका फरक होता, की 'चरामुळेच' असं ठाम म्हणता येईना. ज्या झाडांना डिंक्यानं धरलं होतं ती चर असो वा नसो, गळतच होती. दोन वर्षं आणि एक बाग, यातून याहून जास्त निघणार नव्हतं. तिनं तसंच लिहिलं.

विकत मिळणारा पेपर

याच सुमारास एका सल्ला देणाऱ्या कंपनीच्या माणसाशी आमचं बोलणं झालं. त्यानं अहवाल वाचला नाही. निकाल 'ठाम नाही' हे ऐकून म्हणाला, विषय बदलू, मार्गदर्शक आम्ही देतो, तीन महिन्यांत पेपर छापून येईल. किंमत सांगितली ती ऐकून मी पाणी प्यायले.

हा धंदा किती पसरला आहे हे अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं २०२३ च्या एका दीर्घ लेखात दाखवलं होतं. पैसे भरून मार्गदर्शक घ्यायचा आणि शाळकरी मुलांचे लेख सहज छापणाऱ्या नियतकालिकांत नाव आणायचं. सगळे असे कार्यक्रम फसवे नसतात, आणि काही मुलं त्यातून खरंच शिकतात. पण छापलेलं नाव म्हणजे केलेलं संशोधन नव्हे. अर्ज वाचणाऱ्यांच्या टेबलावर असे शेकडो पेपर येतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या अहवालात पदव्युत्तर पातळीची भाषा आणि अर्जातल्या निबंधात मात्र साधी वाक्यं, हे त्यांना दिसणारच.

लेकीनं विचारलं, "आई, माझं काम कमी पडेल का?" मी म्हटलं, कॉलेजला काय वाटेल ते मला सांगता येणार नाही. पण कोणी मुलाखतीत विचारलं, की तू वीसच झाडं का घेतलीस, तर तुला उत्तर येतं. विकतच्या पेपरातल्या प्रश्नाला येईल का? विषय तिथंच संपला.

तिनं काय पाठवलं

ज्या कॉलेजांनी पुरवणी घ्यायची तयारी दाखवली होती, तिथंच पाठवली. इतर अर्जांत १५० अक्षरं आणि एक छोटं उत्तर, बस्स.

आधी एक पानभर सारांश. आयसेफचा सारांश २५० शब्दांत बसवावा लागतो, तीच मर्यादा तिनं इथं पाळली. प्रश्न काय, कसं मोजलं, काय दिसलं, काय सांगता येत नाही. घाईत असलेल्या वाचकानं एवढंच वाचलं तरी काम कळावं. मग आठ पानांचा अहवाल. त्यात बागेचा हातानं काढलेला नकाशा, दोन आलेख आणि वहीच्या एका पानाचा फोटो, गवताचे डाग आणि मामाच्या अक्षरातल्या मराठी आकड्यांसकट. भाषांतर खाली दिलं. सगळं एकाच पीडीएफमध्ये. कोणी उघडून पाहील या भरवशावर दहा दुवे देण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात महत्त्वाचा होता 'कोणी काय केलं' हा परिच्छेद. प्रश्न आणि आखणी तिची. जुलै-ऑगस्टचं मोजणं तिचं. सप्टेंबरपासून तोड्यापर्यंतचं मोजणं मामा आणि बागेतल्या काकूंचं. आकडेमोड तिची, सरांनी तपासलेली. चर खोदायचा खर्च मामाचा. हे लिहिताना ती म्हणाली, "असं वाचून वाटेल की मी अर्धंच केलं." पण जगातलं कुठलंही शेतीसंशोधन एकट्यानं होत नाही. कोणाचे हात लागले ते न लिहिणं हीच खरी लबाडी.

पत्राचा प्रश्न होता. पुरवणीबरोबर मार्गदर्शकाचं पत्र मागतात, आणि मामा कितीही जाणकार असला तरी घरचा माणूस. घरच्यांचं पत्र चालत नाही. पत्र सरांनी दिलं, कारण तिची आखणी कशी बदलत गेली हे त्यांनी पाहिलं होतं. मोठ्या प्रोफेसरचं पत्र मिळालं असतं तर, असा विचार करू नका. ज्यानं काम जवळून पाहिलं त्याचंच पत्र उपयोगाचं.

मग तारखा. लवकरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. आमचा तोडा त्यानंतरचा! एकूण फळांची संख्या हातात नसताना दुसऱ्या वर्षाचं प्रमाण निघणार कसं? तिनं पहिल्या वर्षाचे पूर्ण आकडे दिले आणि दुसऱ्या वर्षापुढे 'तोडा व्हायचा आहे, आकडे अपुरे' असं लिहिलं. जानेवारीच्या सुरुवातीला मुदत असलेल्या अर्जांत पूर्ण आकडे गेले. झाडं काही अर्जाच्या तारखा बघून पिकत नाहीत. तुमचा विषय ऋतूवर अवलंबून असेल तर मुदतीचा हिशेब दहावीतच मांडा.

प्रवेशाचं म्हणाल, तर जिथं पुरवणी पाठवली त्यातल्या एका ठिकाणी नकार आला आणि एका ठिकाणी होकार. जिथं पाठवलीच नव्हती तिथूनही होकार आला. कोणत्या कागदानं काय साधलं हे कॉलेज सांगत नाही, त्यामुळे 'संत्र्यांमुळे प्रवेश मिळाला' असं मी म्हणणार नाही.

भारतातली भावंडं आणि इतर विषय

भारतात असलेल्या तुमच्या मावस-चुलत भावंडांसाठी चित्र निराळं आहे. जेईई किंवा नीटच्या गुणांत संशोधनाला जागा नाही. तरीही शोध घ्यायची सवय लावणाऱ्या वाटा तिथं जुन्या आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांकडून आपल्या परिसरातल्याच प्रश्नावर काम करून घेते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. इन्स्पायर-मानकमध्ये निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. आमच्या लेकीला चिठ्ठ्या टाकून झाडं निवडायला मदत करणारा तिचा मामेभाऊ अशाच एका प्रकल्पातून शिकलेला होता.

आणि संशोधन म्हणजे विज्ञानच असं नाही. इतिहासात रस असलेल्या मुलांसाठी 'द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू' हे १९८७ साली स्थापन झालेलं नियतकालिक शाळकरी मुलांचे इतिहासावरचे निबंध छापतं. भाषेची आवड असेल तर आमच्याच भागाकडे बघा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या खंडातले नमुने आणि आजची आजीची बोली शेजारी ठेवून काय बदललं हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एक धीराची आजी लागते, आणि अर्थात तिची परवानगी.

तेव्हा मुलांनो, नववी-दहावीत असाल तर एवढंच करा. यंदाच्या सुट्टीत जिथं जाल तिथं, ज्या गोष्टीचं उत्तर मोठ्यांना 'असंच असतं' यापलीकडे देता येत नाही अशी एक गोष्ट शोधा. वही घ्या, तारीख घाला आणि मोजायला किंवा लिहायला लागा. तिसऱ्या आठवड्यातही कंटाळा आला नाही तर तो विषय तुमचा. पुढं त्याची पुरवणी होईल किंवा होणार नाही.

आणि ज्यांनी तुम्हाला आपल्या शेतात, दुकानात, घरात वही घेऊन बसू दिलं त्यांना निकाल कळवा. लेकीनं इंग्रजी अहवालाच्याही आधी एक पान मराठीत लिहून मामाला पाठवलं. अक्षर वेडंवाकडं आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. भावानं ते बागेतल्या काकूंना वाचून दाखवलं. या उन्हाळ्यात त्यानं उरलेल्या सगळ्या ओळींत चर खोदले नाहीत. जिथं पाणी दोन दिवसांहून जास्त साचतं तेवढ्याच ओळींत खोदले, आणि डिंक्या लागलेल्या झाडांवर आधी उपचार केले. जेवढं सिद्ध झालं तेवढाच खर्च, असं त्याचं म्हणणं.